हजेरी घेणारी माणसं : वस्तीतले सर, दादा, ताई, काका – तुमचे अनुभव लिहा

बीडीडीकर

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या साडेपाचशे कुटुंबांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या, त्यात आमचाही नंबर लागला. १६० फुटांतून एकदम ५०० फुटांत. आई पहिले चार दिवस हॉलमधेच झोपली, म्हणे बेडरूममधे एकटं वाटतं. पण धागा त्यासाठी काढलेला नाही.

आमचे सरही याच टॉवरमधे आलेत, आमच्या वर सहा मजले. वय ऐंशीच्या पुढे. सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत, ते गिरणीत टाइम ऑफिसला होते, मस्टर म्हणजे हजेरीपट सांभाळायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि पुढे काय झालं ते इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. सरांची नोकरी गेली ती गेलीच. चाळीत तेव्हा बाप घरी बसलेला, आई खानावळीच्या चपात्या लाटतेय नाहीतर दुसऱ्यांकडे भांडी घासतेय, आणि पोरं नाक्यावर. नाक्यावर दोन संध्याकाळी उभं राहिलं की कोणीतरी येऊन विचारायचंच, काम करणार का. कसलं काम ते विचारायची गरज नसायची.

सरांनी काय केलं तर तळमजल्याच्या पॅसेजमधे सतरंजी टाकली. बस एवढंच. ज्यांनी बीडीडी बघितली नाही त्यांच्यासाठी – तळ अधिक तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या आणि मधून लांबच लांब अंधारा पॅसेज. तिथे शंभरचा बल्ब सरांनी स्वतःच्या मीटरवरून ओढला होता. आणि गिरणीतून येताना एक कोरं मस्टर आणलं होतं (आणलं की ढापलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही). रोज संध्याकाळी सात वाजता हजेरी. गैरहजर असेल तर लाल शाई. नवीन पोरगा आला की नावापुढे 'बदली' लिहायचे. गिरणीत बदली कामगार असायचे ना, रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणाचा खाडा असला तर आत नाहीतर घरी, तसं. सलग तीन महिने खाडा नाही की सर 'बदली' खोडून 'परमनंट' लिहायचे आणि एक नटराज पेन्सिल द्यायचे. मी सहावीत असताना परमनंट झालो, त्यालाही साडेचार महिने लागले कारण मधे गणपतीला गावी गेलो आणि सरांनी परत पहिल्यापासून मोजायला घेतलं. कितीही भांडलो तरी ऐकलं नाही.

दोन दिवस खाडा झाला की घरी यायचे. ओरडायचे नाहीत. आईने दिलेला चहा प्यायचे, गावाकडे पाऊस कसा आहे विचारायचे, आपल्याकडे बघायचेसुद्धा नाहीत आणि निघून जायचे. त्यापेक्षा दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर सर शिकवायचे फारसं नाहीतच. गणित आठवीपर्यंत, इंग्रजीची बोंब. मोठ्या पोराने लहान पोराचं बघायचं हा नियम. सर फक्त बसायचे, पाठीला भिंत, मांडीवर मस्टर, चाळीस वर्षं.

आता अडचण अशी की टॉवरला लॉबी आहे, लिफ्ट आहे, पोडियम (पार्किंगवरची मोकळी जागा) आहे पण पॅसेज नाही. सर संध्याकाळी सातला खाली उतरतात आणि उगाच फिरतात. परवा मला विचारलं, "पोरं कुठे बसतात रे आता?" मला उत्तर देता आलं नाही.

असो. तुमच्याकडे असं कोणी होतं का, आहे का? पुतळा, पुरस्कारवाली मोठी माणसं नकोत असं नाही, पण तुम्ही जवळून पाहिलेलं लिहा.

लालमाती

आमचे काका, प्रभादेवीचे, बेस्टमधे कंडक्टर. ड्युटी पहाटेची घ्यायचे कारण संध्याकाळ मैदानाला. कबड्डी. त्यांच्याकडे गेल्यावर पहिला महिनाभर तुम्हाला कोणी खेळू देत नाही, माती चाळायची, खडे वेचायचे, पाणी मारायचं, रेघा आखायच्या. मला वाटायचं हा माणूस फुकटचे हमाल जमवतोय. नंतर कळलं की ज्या पोराने माती चाळली तो मैदानात थुंकत नाही.

एक किस्सा. मी कोपऱ्याला खेळायचो, सतरा वर्षांचा, अंगात मस्ती. एका सेमीफायनलला समोरचा चढाईपटू बोनसला पाय टाकायला आला आणि मी साखळी सोडून एकट्याने घोटा धरला, पडला तो, मॅच आम्ही जिंकलो, पोरांनी मला खांद्यावर घेतलं. फायनलला काकांनी मला बसवलं. पूर्ण वेळ. आम्ही हरलो आणि मी रडलो. काका परतीच्या लोकलमधे एवढंच म्हणाले, घोटा सुटला असता तर बाजूवाल्याचं काय होतं? बाजूवाला म्हणजे माझाच मित्र, हात धरून उभा होता तो माझ्या भरवशावर. आज मी बँकेत आहे, स्पोर्ट्स कोट्यातून लागलो, ब्रँचमधे काही झालं आणि कोणी एकटाच हिरो व्हायला गेला की मला ती लोकल आठवते.

२०१४ ला प्रो कबड्डी आली तेव्हा सगळे म्हणाले काका आता तुमचे दिवस आले. आले कसले. पोरांना मॅट पाहिजे, बूट पाहिजेत, आणि आमच्या मैदानावर आता गाड्या लागतात. काकांनी शेवटची दोन वर्षं एका हॉलच्या गच्चीवर जुन्या मॅटचे तुकडे जोडून घेतले, त्यांच्या मधल्या फटीत माझा अंगठा गेला तो अजून दुखतो.

संत्रानगरी

असा धागा निघाला अन् आमच्या नागपूरच्या बारसे सरांचं नाव नाही असं कसं चालन बाप्पा. विजय बारसे, हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. पावसात वस्तीतली पोरं तुटकी बादली लाथाडत खेळत होती, ते पाह्यलं अन् त्यांना फुटबॉल देऊन पाह्यला, तिथून २००१ मधे झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. पुढे स्लम सॉकर म्हणून जगभर गेलं, २०१६ ला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड भेटला, सिनेमाही निघाला हे सगळ्यांना माहीतच आहे. मी त्यांची विद्यार्थिनी नाही, लांबूनच पाह्यलं. पण त्याचा असर काय झाला ते जवळून पाह्यलं, कारण त्यानंतर आमच्याकडे कोणी बॉल घेऊन मैदानात उतरलं तर लोक हसणं बंद झालं.

आमच्या वस्तीत एक ताई होती, अंगणवाडी सेविका. तिनं पोरींची टीम काढली. पोरी यायला तयार, आयाही तयार, अडलं कशावर तर हाफ पँटवर. बैठका झाल्या यावर, मजाक नाही, मंदिरात दोन बैठका! शेवटी ताईनं काळ्या लेगिंग्ज घेतल्या, त्यावरून हाफ पँट, विषय खतम. मग एका आजीनं विचारलं, पोरी पडल्या तं लेगिंग फाटन ना, अन् तिनंच गुडघ्यावर आतून ठिगळं लावून दिली सगळ्यायला. अकरा पोरी, बावीस ठिगळं. मी डाव्या बाजूनं खेळायची. फार काही जिंकलो नाही आम्ही, एक कप आहे, तो ताईच्या घरी आहे अन् त्याच्यात ती चिल्लर ठेवते.

आठशेमीटर

मी पिंपरीची. पोलीसमधे आहे, शिपाई. आमचे दादा आर्मीतून रिटायर झालेले, नाव लिहिलं तर चिडतील. वस्तीतल्या भरतीवाल्या पोरापोरींना पहाटे साडेचारला पळवायचे. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६००, मग १०० मीटर आणि गोळा. एका मुलीला एकटी पाठवणार नाही घरचे, म्हणून दादांनी नियम केला की चार मुलींनी एकत्र निघायचं आणि शेवटच्या मुलीच्या दारात दादांची बायको उभी राहणार बॅटरी घेऊन. काकू स्वतः कधी पळाल्या नाहीत पण आमच्यापेक्षा आधी उठायच्या.

गोळा घ्यायला पैसे नव्हते सुरुवातीला. मुलींचा गोळा चार किलोचा असतो. दादा भंगारवाल्याकडे गेले आणि त्याच्या काट्यावर दगड मोजत बसले, हा साडेतीन, हा पाच, तासभर. शेवटी नदीकडचा एक गोलसर धोंडा भरला चार किलो दीडशे ग्रॅम. वरचे दीडशे ग्रॅम दादांनी ठेवले मुद्दाम, म्हणाले ग्राउंडला खरा गोळा हलका लागेल. आणि लागला! खरंच लागला. माझे गोळ्याचे मार्क बघून मीच चकित.

पहिल्या वर्षी मी फिजिकलला पास आणि लेखीला आपटले. मला वाटलं दादा म्हणतील पुढच्या वेळी बघू. त्यांनी माझी पळायची प्रॅक्टिसच बंद केली चार महिने. मैदानात यायचं पण कडेला बसून गणिताचं पुस्तक सोडवायचं, बाकीच्या पळतायत आणि मी नळ-टाकी, काळ-काम-वेग. काय राग यायचा मला. दुसऱ्या वर्षी झालं.

आता माझी ड्युटी बंदोबस्ताला कुठेही लागते, सुट्टी मिळाली की मी पण बॅटरी घेऊन उभी राहते काकूंच्या शेजारी. काकूंचे गुडघे गेलेत, पण खुर्ची टाकून बसतात.

नाव नको

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. आमच्याकडेही एक दादा होते. शहराचं नाव लिहीत नाही. व्यायामशाळा काढून दिली, टीशर्ट, वही वाटप, ढोल पथक, पोरांना काय पाहिजे ते. मी एकोणीस वर्षांचा, मला वाटायचं हा माणूस माझा बाप आहे. मग एक दिवस मोर्चा निघाला, पुढे कोण तर व्यायामशाळेची पोरं. दगड कोणी मारले मला माहीत नाही पण नावं आमची लागली, दादांचं नाव कुठेच नाही. केस अकरा वर्षं चालली, सुटलो. पण त्या अकरा वर्षांत पासपोर्ट अडला, सिक्युरिटी एजन्सीची नोकरीसुद्धा चारित्र्य पडताळणीत गेली. भरतीचं तर सोडूनच द्या. दादा आता मोठे आहेत, फ्लेक्सवर असतात.

वही देणारा माणूस आणि तुमची वही तपासणारा माणूस वेगळा असतो. मला कळायला उशीर झाला.

आठशेमीटर

@नाव नको, वाईट वाटलं वाचून. आमचे दादा पहिल्याच दिवशी शपथ घालायचे की कुठल्याही मिरवणुकीत पुढे दिसायचं नाही, नाचायचं असेल तर मागे नाचा. तेव्हा आम्हाला अति वाटायचं. ड्युटीवर रोज अशी पोरं बघते.

फाइलवाला

माझ्या काकांचं (सख्खे नाहीत, सगळा एरिया काका म्हणतो) कुठे नाव होणार नाही कारण त्यांनी काय केलं ते फोटोत येत नाही. गोवंडीला राहतात. ते पोरांचे कागद करून देतात.

मला बारावीनंतर इंजिनिअरिंगला ॲडमिशन पाहिजे होती. आम्ही भटक्यातले. जातीचा दाखला होता पण व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) नव्हती. भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो (एससीला १९५०, ओबीसीला १९६७, हे आकडे काकांनी मला पाढ्यासारखे पाठ करून घेतले). आता माझे आजोबा शाळेत गेलेच नाहीत. पणजोबांचा प्रश्नच नाही. आम्ही गाढवांवर बिऱ्हाड घेऊन फिरणारे लोक, १९६१ च्या आधी कुठल्या रजिस्टरमधे असणार? बाप म्हणाला सोड, ओपनमधून भेटलं तर घे नाहीतर माझ्याबरोबर ये कामावर.

काका म्हणाले, "तुमच्यातले लग्नाला, जत्रेला कोणत्या गावी जमायचे?" हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. बापाने दोन गावं सांगितली. काका स्वतः माझ्याबरोबर एसटीने आले, वय पासष्ट, गुडघ्याला पट्टा. पहिल्या गावात तहसीलमधे कोतवाल बुक बघायचं म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. मोडी लिपीतली पानं, वाळवीने खाल्लेली, काही नाही मिळालं. दुसऱ्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश-निर्गम रजिस्टर. तिथले गुरुजी म्हणाले रविवारी कोण उघडणार, काकांनी त्यांच्या घरी जाऊन जेवण होईपर्यंत अंगणात बसकण मारली. आणि सापडलं. माझ्या आजोबांचा चुलतभाऊ, १९५८, पहिलीत नाव घातलेलं, जात लिहिलेली, शेरा काय तर 'सतत गैरहजर'. सतरा दिवस शाळेत गेलेला माणूस तो. त्याच्या सतरा दिवसांवर मी इंजिनिअर झालो.

पुढे वंशावळ, ॲफिडेव्हिट, दक्षता पथकाची घरी येऊन चौकशी, सगळ्याला काका हजर. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, एक तुझी, एक माझी, एक देवाची असं म्हणायचे. त्यांच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, त्यात आमच्या अख्ख्या एरियाच्या देवाच्या कॉप्या आहेत. २००५ च्या पुरात खालचे दोन खण भिजले तेव्हा त्यांनी पंख्याखाली दोरीवर कागद वाळत घातले होते, माझ्या बहिणीची टीसी पण होती त्यात, अजून लाटालाटांची आहे.

बदली नं. ४७

@बीडीडीकर, दुबईवरून लिहितोय. तुमचे सर ते माझे पण सर, मी मागच्या बिल्डिंगचा. तुम्ही म्हणताय ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत? मला मारलंय की राव. पट्टीने नाही, मस्टरनेच, टपलीत. मस्टर जाड होतं.

मी कधीच परमनंट झालो नाही. दहावी दोनदा नापास. बापाने शाळा सोडवली, शेवटी सरांनी १७ नंबरचा फॉर्म आणला, बाहेरून बसवलं. फॉर्मचे पैसे कोणी भरले ते आजपर्यंत कळलं नाही, सर म्हणायचे चाळ कमिटीने, चाळ कमिटी म्हणते आमच्याकडे अशी नोंद नाही. तिसऱ्यांदा ३५-३५ करत सुटलो, आयटीआय झालं, एसी मेकॅनिक. इथे उन्हाळ्यात पन्नास डिग्रीच्या आसपास जातं, आमच्याशिवाय शेखसुद्धा झोपू शकत नाही.

सरांना सांगा ४७ नंबरची पेन्सिल बाकी आहे.

बीडीडीकर

@बदली नं. ४७, आज संध्याकाळी सांगितलं. टपल्यांचं कबूल केलं. म्हणाले तो घामट पोरगा का, त्याचा खाडा फार.

पूर्व भाग

सोलापूर. मी दुसऱ्या बाजूने लिहिते, चालत असेल तर. मी अशाच एका सरांची मुलगी.

आमच्या भागात घराघरात विड्या, आई पण वळायची, हजार विड्या करायच्या म्हणजे दिवस जातो. वडील सूतगिरणीत आणि संध्याकाळी समाजमंदिरात अभ्यासिका. घरात तेलुगू, अभ्यासिकेत मराठी. पोरं रात्री अकरापर्यंत. वडिलांना सगळ्यांच्या तारखा पाठ, कोणाची स्कॉलरशिप कधी, कोणाचा हॉस्टेलचा फॉर्म कधी. पोरं घरी यायची, आई विड्या बाजूला सारून त्यांना ताटं वाढायची.

मला डीएड करायचं होतं. फॉर्म आणून वडिलांच्या टेबलावर ठेवला, सही पाहिजे होती आणि उत्पन्नाचा दाखला. ते म्हणाले ठेव, करतो. तारीख गेली. त्या आठवड्यात त्यांनी बावीस पोरांचे फॉर्म भरले, मी मोजलेत, कारण त्या फॉर्मांच्या ढिगाखालीच माझा निघाला. वर्ष गेलं माझं. मी आईला म्हणाले, मी यांची मुलगी नसते तर बरं झालं असतं, अभ्यासिकेतली असते तर फॉर्म भरला असता. आई म्हणाली, मग जा ना अभ्यासिकेत.

गेले. खरंच गेले दुसऱ्या दिवशी, शेवटच्या रांगेत बसले. पोरं गप्प. वडील आले, बघितलं, सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारलं, काय अडचण आहे बाळ? मी म्हणाले फॉर्म राहिला सर. पूर्ण वर्ष मी त्यांना तिथे सर म्हटलं आणि घरी अप्पा. पुढच्या वर्षी सगळ्यात पहिला फॉर्म माझा गेला.

आता ते नाहीत. लोक भेटतात, रडतात, सांगतात तुमच्या वडिलांमुळे आम्ही. मी हो म्हणते. राग गेला असं नाही, कमी झाला.

कसबा ते कात्रज

पूर्व भाग, तुमचं वाचून थांबलो जरा.

पुण्यातलं एक. मी लहानपणी स्व-रूपवर्धिनीच्या शाखेत जायचो, मंगळवार पेठेत. किशाभाऊ पटवर्धनांनी १९७९ साली वस्तीतली मुलं घेऊन सुरू केलेलं काम, अजून चालू आहे. त्याच्याही आधीचं म्हणजे अच्युतराव आपट्यांची विद्यार्थी सहाय्यक समिती, १९५५ पासून, खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या किती पोरांना राहायला जागा मिळाली. वरच्या अनुभवांत मला एकच गोष्ट सलते, काका गेले की माती गेली, सर थकले की सतरंजी गेली. पुण्यातल्या या दोन्ही ठिकाणी माणूस गेल्यावर पण दिवा लागतो कारण कोणीतरी कंटाळवाणी कामं केली, घटना लिहिली, हिशेब ठेवले, ऑडिट. आम्हा पोरांनाच पाळीपाळीने लहान गट सांभाळायला द्यायचे, तेव्हा ते खेळ वाटायचं. बीडीडीकर, तुमच्या सरांना वारस कोण हे विचारलं का कोणी?

दोरखंड

थोडक्यात लिहिते, बाळ उठेल. मुलीला शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात रोप मल्लखांबाला घालते. १९२५ ची संस्था. उदय देशपांडे सरांना २०२४ ला पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात आलं म्हणून मला कळलं, नाहीतर दादरमधे वाढूनही लक्ष नव्हतं. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल लावतात त्याचा वास मुलीच्या कपड्यांना येतो, ती दोरीवरची असूनही, कारण ही सगळी तिकडेच लोळत असतात. तिथे मी पाहिलं की दहा वर्षांची मुलगी सात वर्षांच्या मुलीचा पाय पकडून अढी कशी घालायची दाखवते, मोठं कोणी मधे पडत नाही. बीडीडीच्या सरांचा नियम वाचून तेच आठवलं.

लालमाती

वारसाच्या मुद्द्याला +१. आमच्या काकांनी कोणाला तयार केलं नाही, आणि आम्ही पण कोणी पुढे झालो नाही. बँक, ईएमआय, डोंबिवली. काकांच्या तेराव्याला आम्ही सदतीस जण होतो आणि सगळे एकमेकांना म्हणत होतो काहीतरी केलं पाहिजे. सहा वर्षं झाली.

बीडीडीकर

उशीर झाला, माफी. ऑफिस आणि सोसायटीच्या मीटिंगा.

तर झालं असं की पोडियमवर मुलं बसवायला परवानगी मागितली. पहिल्या मीटिंगला नाही म्हणाले, आवाज होतो, मेंटेनन्स कोण देणार, लाइटबिल कोण भरणार. गंमत म्हणजे नाही म्हणणाऱ्यांत तीन जण स्वतः मस्टरवर होते, त्यातले दोन परमनंट. मी फाइलवाल्यांच्या काकांसारखा त्यांच्या दारात जाऊन बसलो. त्यांच्या बायकांनी चहा दिला, मी गावाकडचा पाऊस विचारला. तिसऱ्या घरी त्याने स्वतःच हात जोडले, म्हणाला बस कर, सरांची नक्कल करू नको, सही देतो.

संध्याकाळी सात ते साडेआठ, लिफ्टच्या बाजूचा कोपरा. सतरंजी नवीन घ्यावी लागली. पहिल्या दिवशी नऊ मुलं, त्यातली चार मोबाइलवर. कसबा ते कात्रज, वारसाचं मी सरांना विचारलं. ते म्हणाले मस्टर घे. मी म्हटलं मला जमणार नाही सर, ऑफिसवरून यायलाच आठ होतात. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं, ऐकू येत नाही हे पण खरंच आहे. मग खालच्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीला बोलावलं आणि तिच्या हातात पेन दिलं. मस्टर नवीनच, ऑनलाइन मागवलेलं, गिरणीचं कधीच संपलं. ती मुलगी कडक आहे. सातनंतर आलेल्याला लाल शाई, कारण ऐकत नाही.

मी मागच्या आठवड्यात दोन दिवस पोचलो नाही. गुरुवारी बेल वाजली, बघतो तर दारात ती मुलगी आणि तिच्या मागे काठी टेकत सर. आईने चहा टाकला. सरांनी आईला विचारलं, नळाला पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे. माझ्याकडे बघितलं नाही. त्या मुलीने मात्र मस्टर उघडून दाखवलं, माझं नाव तिने नऊ मुलांच्या खाली दहाव्या नंबरवर घातलंय आणि पुढे, सरांनी सांगितलं असणार, 'बदली'.

@बदली नं. ४७, तुमच्या पेन्सिलचं विचारलं. म्हणतात इथे येऊन तीन महिने बस.